चष्मा केव्हा द्यायचा

हाडांच्या वॉर्डाच्या मागं, प्लास्टर घालायच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. खिडकीतून ऑक्सिजनच्या सिलिंडरांची रांग दिसायची, आणि टेबल, खुर्ची, कपाट, सगळ्यावर पांढऱ्या धुळीचा हलका थर असायचा. कितीही पुसा, दुपारपर्यंत परत हजर. त्या खोलीत बसणाऱ्या बाईंना अख्खं इस्पितळ ‘कदाचितबाई’ म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांच्या कानावर जाईल इतपत मोठ्यानं.

बाई संख्याशास्त्रवाल्या. लग्नाआधी त्या विजेच्या दिव्यांच्या कारखान्यात होत्या. हजारो दिव्यांतले मूठभर उचलायचे, ते विझेपर्यंत जाळायचे, आणि त्यावरून सगळा माल पाठवायचा की परत भट्टीकडे न्यायचा ते सांगायचं, असं ते काम. नवऱ्याचं बस्तान या शहरात बसल्यावर त्यांनी इस्पितळात अर्ज टाकला. पहिल्या दिवशी त्यांना कुठं बसवायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. प्लास्टरवाल्यानं आपली अडगळीची खोली रिकामी करून दिली, आणि मग ती त्यांचीच झाली.

डॉक्टर मंडळी आपापल्या अभ्यासाचे आकडे घेऊन त्यांच्याकडे यायची. सगळ्यांचा प्रश्न एकच. “मग, गुण येतो ना औषधाला?” बाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, “कदाचित. किती कदाचित ते उद्या सांगते.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच सांगायच्या. ते ‘किती’ सांगताना त्यांचा आवाज जराही डळमळायचा नाही. आपल्याला काय माहीत नाही, हे त्यांना अगदी पक्कं माहीत असायचं. नावाबद्दल त्यांचं म्हणणं होतं, “बरंय की. ‘नक्कीबाई’ म्हणाले असते तर मी राजीनामा दिला असता.”

एक दिवस त्यांच्या दारात व्यायामताई येऊन उभी राहिली. ऑपरेशननंतर रोग्यांना उठवून चालवणारी ही तिशीतली मुलगी. रोगी म्हातारे, म्हणून सगळ्यांची ती ताई. आवाज खणखणीत, आणि मनात आलेलं ओठांवर यायला क्षणाचाही उशीर नाही.

“बाई, मला एक सांगा,” ती उभ्याउभ्याच म्हणाली. “खुब्याचं हाड मोडलेली म्हातारी माणसं ऑपरेशननंतर भ्रमिष्टासारखं का करतात?”

“ते डॉक्टरांना विचार.”

“विचारलं. ते म्हणतात, वय, भूल, दुखणं, सगळं मिळून होतं. चार दिवसांत उतरतं. पण मी बघते ना रोज! आजी शुद्धीवर येतात तेव्हा त्यांचा चष्मा पिशवीत, कानातलं यंत्र पिशवीत, पिशवी कपाटात. छत धूसर, माणसं धूसर, कुणीतरी येऊन ओठ हलवतंय. मी तरी शहाण्यासारखी वागेन का? शुद्ध आल्याआल्या चष्मा नाकावर ठेवला आणि यंत्र कानात घातलं, तर?”

बाईंनी खुर्चीवरची धूळ झटकली. “बस आधी,” त्या म्हणाल्या.

कल्पना इतकी साधी होती की तिच्यावर हसावं की तिच्यासाठी धावपळ करावी ते कळू नये. बाईंनी दुसरी बाजू पकडली. हाडांच्या विभागाचे मोठे डॉक्टर तयार झाले. ते तिरकस बोलत, पण ऐकून घेत. चष्मा किंवा यंत्र वापरणाऱ्या रोग्याची संमती घ्यायची आणि कुणाला कुठल्या गटात टाकायचं ते औषधविभागातला संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार. अर्ध्यांना चष्मा आणि यंत्र रिकव्हरी रूममध्येच, डोळे उघडताक्षणी. उरलेल्यांना नेहमीप्रमाणे, वॉर्डात आणून स्थिरस्थावर झाल्यावर. भ्रम झाला की नाही ते ठरवायला रोज दुसऱ्याच मजल्यावरची एक परिचारिका येणार. कोण कुठल्या गटातला, हे तिला कळता कामा नये. ताईनं होकार दिला, पण मोजणी तिच्या हातात नाही म्हटल्यावर नाक मुरडलं.

“माझ्यावर विश्वास नाही का?”

“माझ्यावरही नाही,” बाई म्हणाल्या. “आपल्याला गुण यायला हवाय. हवं असणारी माणसं मोजायला वाईट.”

दोन्ही गटांत शंभर-शंभर माणसं झाली तेव्हा हिशेब मांडला गेला. नेहमीच्या गटात तीस जणांना भ्रम झाला होता, चष्मावाल्या गटात एकवीस जणांना. शंभरामागं नऊ कमी. ताईनं टाळीच वाजवली. पण बाईंनी चाचणी लावली आणि मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत तिघांची बैठक बसली.

“समजा, चष्म्यानं काडीचाही फरक पडत नाही,” बाई म्हणाल्या. “तरीही नुसत्या चिठ्ठ्यांच्या उलटसुलटीत एवढा किंवा याहून मोठा फरक दिसू शकतो. असे शंभर अभ्यास केले तर साधारण चौदा वेळा.”

“आणि आपली रीत शंभरात पाचाच्या आत असेल तरच खरं मानायची,” मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “म्हणजे झालं. गुण येत नाही. छान प्रयत्न होता. आता पुढच्या कामाला लागू.”

“तसं नाही म्हणता येणार.”

“आता तुम्हीच तर म्हणालात!”

“गुण येतो असं सिद्ध झालं नाही, एवढंच म्हणाले. गुण येत नाही असंही सिद्ध झालेलं नाही.” बाईंनी कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यावर दोन खुणा केल्या. पुस्तकात याला विश्वास अंतराल म्हणतात. बाई नुसतं ‘पट्टा’ म्हणायच्या. “आपल्याला दिसलेला फरक नऊचा. पण आपली माणसं कमी, म्हणून खरा फरक नेमका नऊच असेल असं नाही. आपल्या आकड्यांशी जुळेल असा खरा फरक या पट्ट्यात कुठंही असू शकतो. या टोकाला शंभरामागं तीन जणांना उलट त्रास. त्या टोकाला शंभरामागं एकवीस जण वाचले. शंभरामागं एकवीस! एवढं मोठं दार उघडं असताना तुम्ही घरात कुणी नाही म्हणून परत फिरताय.”

“आणि हा पट्टा तरी खरा कशावरून?”

“चांगला प्रश्न,” बाई खुशीत म्हणाल्या. “असे पट्टे काढण्याची जी रीत आहे, ती शंभरातल्या पंचाण्णव वेळा खऱ्या उत्तराला कवेत घेते. हा पट्टा त्या पंचाण्णवांतला की चुकलेल्या पाचांतला, ते मला सांगता येणार नाही. तुम्हालाही नाही.”

मोठे डॉक्टर हसले. पण टोपण काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताई धावतच आली. रात्रभर आकड्यांशी झटापट केल्यासारखे तिचे डोळे लाल झाले होते. “बाई, सापडलं! ऐंशीच्या वरच्या बायका बघा. फक्त त्यांच्यात बघितलं तर चाचणी पास होते. पाचाच्या आत! शंभरात तीन!”

“आधी कुठं कुठं बघितलंस?”

“म्हणजे?”

“म्हणजे इथं सापडेपर्यंत कुठं कुठं शोधलंस?”

ताई जरा घुटमळली. “पुरुष बघितले. सत्तरच्या आतले बघितले. मधुमेहवाले. एकटे राहणारे. उजवा पाय, डावा पाय...”

“बस जरा,” बाई म्हणाल्या, आणि स्वतःही कामाला लागल्या. ऑपरेशनच्या वारांप्रमाणे त्यांनी सगळ्या रोग्यांच्या वाटण्या केल्या. चहा गार झाला तेव्हा त्यांनी कागद ताईपुढं सरकवला. “हे वाच. मंगळवारी ऑपरेशन झालेल्यांना चष्म्यानं जबरदस्त फायदा. गुरुवारवाल्यांना चक्क तोटा. आता बोल. गुरुवारी चष्मे जप्त करायचे का?”

ताई हसू आवरत म्हणाली, “पण ऐंशीच्या बायकांचं कारण सांगता येतं, बाई. मंगळवारचं नाही येत.”

“कारण काय, मला मंगळवारचंही सांगता येईल. सोमवारी सुट्टीनंतर वॉर्ड गजबजलेला, मंगळवारी परिचारिका स्थिरावलेल्या, त्यांचं लक्ष जास्त. सांगू अजून? खूप ठिकाणी शोधलं की कुठंतरी सापडतंच. मग त्याला साजेशी गोष्ट रचायला आपण सगळेच पटाईत.”

आता मात्र ताईचा चेहरा उतरला. “म्हणजे तुम्ही ना त्यांच्या बाजूच्या, ना माझ्या.”

“मी तुझ्या कल्पनेच्या बाजूची आहे. म्हणून तर तिला असल्या कुबड्या देत नाही. धडधाकट आहे की नाही ते पुरतं बघू. माणसं चौपट घेऊ.”

चौपट माणसं म्हणजे चौपट काम. मोठ्या डॉक्टरांना पटवायला बाईंना तीनदा त्यांच्या खोलीत जावं लागलं. तिसऱ्यांदा ते वैतागून म्हणाले, “तुम्ही नाही म्हटलं तरी परत येणारच ना?” बाई म्हणाल्या, “कदाचित.” ते इतक्या जोरात हसले की बाहेरच्या रोग्यानं आत डोकावून बघितलं. अभ्यास मंजूर झाला. बाईंनी या खेपेला सगळं आधीच लिहून, सही करून औषधविभागाकडे ठेवायला दिलं. काय मोजायचं, केव्हा मोजायचं, कुठली चाचणी लावायची, आणि सगळी माणसं पुरी होईपर्यंत मधेच डोकावायचं नाही.

मधेच डोकावायचं नाही, हे लिहिताना त्यांना काही जड गेलं नव्हतं. ते पुढं जायचं होतं.

बाईंचे सासरे एकेकाळी फुटबॉलच्या सामन्यांचे पंच होते. गल्लीत, दुकानात, घरी येणाऱ्याजाणाऱ्यांत त्यांना ‘पंच’ हेच नाव. बायको गेल्यावर ते मुलाकडे राहायला आले, आणि या सुनेशी त्यांचं मुलापेक्षा जास्त जमलं. मुलगा मोटारी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ लोकांशेजारी जीव मुठीत धरून बसल्यामुळं घरी आल्यावर त्याला वाद नको असायचा. सासरा-सून मात्र जेवताना वादासाठीच बसायचे. “पंचाला शंका आली तर काय करायचं?” बाई विचारायच्या. “शिट्टी वाजवायची नाही,” म्हातारा म्हणायचा. “खेळ चालू द्यायचा.”

एका सकाळी न्हाणीघरात ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं.

रुग्णवाहिकेतून ते बाईंच्याच इस्पितळात, बाईंच्याच खोलीच्या पलीकडच्या वॉर्डात आले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी ठरलं. मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेतलं. “हे बघा, अभ्यासात सगळ्यांना विचारायचंच असतं. पण तुमचे सासरे आहेत. नाही विचारलं तर कुणी काही म्हणणार नाही. सरळ चष्मा देऊन टाकू.”

बाईंच्या मनात होतंच की चष्म्यानं गुण येतो. त्यांच्या मनानं तो कौल कधीच दिला होता. पण या मनाला त्या चांगल्या ओळखून होत्या. कारखान्यात याच मनानं कितीतरी पेट्या पास केल्या असत्या, आणि जाळून बघितल्यावर त्यातले निम्मे दिवे आठवडाही टिकले नव्हते.

“अभ्यासाबद्दल त्यांना दुसऱ्या कुणीतरी विचारावं,” शेवटी त्या म्हणाल्या. “मी नाही. त्यांच्या नोंदीही मी बघणार नाही.”

वॉर्डातल्या एका डॉक्टरनं पंचांना सगळं समजावून सांगितलं. नवरा खाटेशेजारी उभा होता, बाई दाराशी. पंचांनी कानाशी हात नेऊन नीट ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे नाणेफेक?”

“तसंच काहीसं. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. उपचारात काही कमी पडणार नाही.”

“बाबा, नाही म्हणा,” नवरा पटकन म्हणाला. “उगाच कशाला?”

“उगाच कसं?” म्हातारा म्हणाला. “उत्तर माहीत नाही म्हणून तर विचारतायत. माझ्यासारखे सगळेच नाही म्हणाले तर हिला उत्तर कुठनं मिळायचं?” मग दाराकडे वळून त्यांनी विचारलं, “काय गं, तू काय म्हणतेस?”

“मी काही म्हणणार नाही, बाबा. तुमचं तुम्ही ठरवा.”

“ठरलं माझं. पण एक, नाणं पडल्यावर कुणी बाजू बदलायची नाही. मी कधी बदलू दिली नाही.”

संगणकानं त्यांना नेहमीच्या गटात टाकलं. चष्मा आणि यंत्र नावाची पट्टी लावलेल्या पिशवीत, पिशवी कपाटात.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी भेटीच्या वेळेला बाई गेल्या, तेव्हा पंच उशीला टेकून बसले होते. एव्हाना डोळ्यांवर चष्मा होता, कानात यंत्र होतं, पण नजर भलतीकडेच लागलेली. दोन बोटं ओठांना लावून ते फुंकत होते. शिट्टी नव्हती, नुसती हवा. औषधांची गाडी ढकलत आलेल्या माणसाला त्यांनी हात वर करून थांबवलं. “बाहेर! ताबडतोब मैदानाबाहेर!”

शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला हसू आलं, आणि मग त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

“बाबा, मी आलेय,” बाई म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. अगदी सभ्यपणानं. “तुम्ही कुठल्या संघाच्या?”

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. तो त्यांनी सोडवून घेतला. पंच कुणाचा हात धरत नाहीत.

संध्याकाळी घरी नवरा पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. “तुझ्या हातात होतं. डॉक्टर स्वतः म्हणत होते. एक चष्मा! एक चष्मा नाकावर ठेवायचा होता फक्त!”

“अहो, चष्मा ठेवलेल्यांनाही होतो भ्रम. बाबांना झालाच असता की टळला असता, हे...”

“मला तुझा पट्टा नकोय,” तो म्हणाला, आणि उठून बाल्कनीत गेला. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. त्यांनी जे सांगायला तोंड उघडलं होतं ते खरं होतं. ते खरं असून त्या घटकेला कवडीच्या उपयोगाचं नव्हतं, हेही त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. एरवी ते सताड उघडं असायचं. थोड्या वेळानं ताई न विचारता आत आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. प्लास्टरची धूळ तिच्या निळ्या सदऱ्याला लागली.

“बाई, एक सांगायचंय. त्या दिवशी रिकव्हरी रूममध्ये मीच होते. पंचांची पिशवी समोरच्या कपाटात. हात गेला होता माझा कपाटाच्या कडीपर्यंत.”

बाईंनी मान वर केली. “मग?”

“मग वाटलं, दुसऱ्या कुणाच्या सासऱ्यासाठी गेला नसता.” तिचा खणखणीत आवाज खाली आला. “रागावलात?”

“नाही गं.” बाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्या गालावर पांढरा फराटा उमटला. “मला रागवायला कुणीतरी पाहिजे होतं, खरं म्हणजे. पण तू बरोबर केलंस. आता कुणावर काढू?”

“प्लास्टरवाल्यावर काढा. रोज धूळ सोडतो.”

दोघी हसल्या, आणि त्या हसण्यानंतर बाईंना नीट श्वास घेता आला.

भ्रम दोन दिवस राहिला. तिसऱ्या सकाळी पंचांनी परिचारिकेला वर्तमानपत्र मागितलं, मागच्या पानावरचे सामन्यांचे निकाल वाचले आणि सुनेला निरोप धाडला की इथला चहा पिण्याच्या लायकीचा नाही. मधल्या दोन दिवसांतलं त्यांना काही आठवत नव्हतं. बाईंनीही त्यांना मैदानाची गोष्ट सांगितली नाही. सांगितली ती शेजारच्या रोग्यानं, रंगवून. पंच पोट धरून हसले. “गाडीवाल्याला बाहेर काढलं? बरोबर केलं. गाडी घेऊन मैदानात यायचं कामच काय!”

नवऱ्याचा राग मात्र एवढ्यानं गेला नाही. तो जेवायचा, कामाचं बोलायचा, वडिलांना चालायला मदत करायचा. बायकोकडे बघणं मात्र टाळायचा. बाई समजूत घालायला गेल्या नाहीत. काही जागी बोलणं वाढवलं की दुखणं वाढतं, हे त्यांना ठाऊक होतं.

एकदा ताईनं हळूच विचारलं, “आता निम्म्याहून जास्त माणसं झालीत. एकदा बघायचं का, कौल कुणीकडे झुकतोय?” बाईंना जड गेलं ते त्या वेळी. बघावंसं ताईपेक्षा त्यांनाच जास्त वाटत होतं. पण त्यांनी मान हलवली. “दर थोड्या दिवसांनी डोकावत राहिलं आणि आपल्या मनासारखं दिसलं की थांबलं, तर मनासारखं कधी ना कधी दिसणारच. सगळी माणसं पुरी होऊ दे.”

माणसं पुरी झाली. औषधविभागाकडून सीलबंद यादी आली. बाईंनी सकाळी टेबल स्वच्छ पुसलं, आधी लिहून ठेवलेलीच चाचणी लावली आणि आधी लिहून ठेवलेलाच पट्टा काढला. मग सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून केलं. तेच आलं.

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत या वेळी बरीच गर्दी होती. बाईंनी फळ्यावर आडवी रेघ ओढली. “नेहमीच्या गटात शंभरामागं तीस जणांना भ्रम. चष्मा लगेच मिळालेल्यांत बावीस. आठांचा फरक. चष्म्याचा काहीच उपयोग नसता, तर एवढा फरक नशिबानं दिसणं शंभरात एखाद्याच वेळी घडलं असतं. आणि पट्टा दोनापासून चौदापर्यंत.”

“शून्य पट्ट्याच्या बाहेर आहे,” मोठे डॉक्टर हळूच म्हणाले. ते पुढं झुकले होते. “म्हणजे गुण येतो. म्हणा की एकदा!”

“येतो,” बाई म्हणाल्या.

खोलीत कुणीतरी “अरे वा!” म्हणालं आणि हशा उठला. बाईंनी तो ओसरू दिला. “पण बाहेर सांगताना नुसतं आठ सांगू नका. दोन ते चौदा, असं सांगा. कदाचित शंभरामागं दोघंच वाचत असतील. मग तेवढ्यासाठी हे करायचं का? तर चष्मा त्यांचाच, नाक त्यांचंच. आपल्याला फक्त पिशवी आधी उघडायचीय. दोघांसाठीसुद्धा करायला हरकत नाही. महागडं औषध असतं, तर मी याच पट्ट्यावर तुम्हाला आणखी विचार करायला लावलं असतं.”

“आणि पहिल्या वेळी मी हे बंद करायला निघालो होतो,” मोठे डॉक्टर म्हणाले.

“पहिल्या वेळी तुम्ही सोडून द्यायला निघाला होतात आणि ताई जाहीर करायला. दोघांनीही माझं ऐकलंत, म्हणून आज इथं बसलोय.”

ताई उठली, फळ्याजवळ गेली आणि त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिनं रुमाल काढला.

त्या रविवारी बाईंनी घरी सांगितलं. जेवणं झाली होती. पंच खिडकीशी आरामखुर्चीत, काठी मांडीवर आडवी. नवरा भांडी विसळत होता, पण कान इकडेच.

“आठ,” पंच म्हणाले. “शंभरात आठ. मग मी त्या आठांतला होतो का गं? चष्मा मिळाला असता तर माझं डोकं शाबूत राहिलं असतं?”

बाईंना वाटलं होतं हा प्रश्न येईल. उत्तर त्यांनी आधी तयार करून ठेवलं नव्हतं. ते करण्यासारखं नव्हतंच.

“माहीत नाही, बाबा. तुमच्यासारख्या शंभर जणांना लगेच चष्मा दिला असता तर त्यातले आठ-एक वाचले असते. पण ते कोण, हे कुणालाच सांगता येणार नाही. मला नाही, मोठ्या डॉक्टरांना नाही, कुणालाच नाही.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मला वाईट वाटतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही माझ्याकडे परक्यासारखं बघितलंत ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा दाराशीच उभी राहीन. तुमच्या वतीनं हो किंवा नाही म्हणणार नाही.”

म्हातारा काठीवर बोटं फिरवत राहिला. “बरं झालं, सांगितलंस,” तो म्हणाला. “मला वाटत होतं, उत्तर माहिती आहे आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय. नसलेलं कोण लपवणार!”

भांड्यांचा आवाज थांबला होता. नवरा ओल्या हातांनीच बाहेर आला आणि बाईंच्या शेजारी बसला. “मी त्या दिवशी जास्त बोललो,” तो म्हणाला.

“बोललात. आणि मला ते लागलंही.”

“हं.” मग त्यानं विचारलं, “आता सगळ्यांना लगेच देतात चष्मा?”

“सोमवारपासून. ताई स्वतः उभी राहणार आहे.”

“बाबांच्या निमित्तानं का होईना,” तो म्हणाला. बाईंच्या जिभेवर आलं होतं की बाबा आठशांतले एक, एकाच्या निमित्तानं काही ठरत नसतं. पण आठशे जणांत प्रत्येक जण एकच तर असतो, असंही त्यांच्या मनात आलं. नवऱ्याचा ओला हात त्यांनी तसाच धरून ठेवला.

अभ्यास छापून आल्यावर चार ठिकाणांहून चौकशा आल्या. दूरच्या एका इस्पितळानं तर हाच अभ्यास आपल्या रोग्यांवर पुन्हा करायचं ठरवलं. ताईला ते आवडलं नाही. “आपल्यावर विश्वास नाही का त्यांचा?” बाई मात्र आनंदानं त्यांना आपले सगळे कागद पाठवून मोकळ्या झाल्या. कुठं अडलं, कुठं चुकलं, तेही लिहून. बराच काळ काही कळलं नाही. मधल्या काळात बाईंपुढं दुसरी कामं आली. भाजलेल्या मुलांच्या पट्ट्या किती दिवसांनी बदलाव्यात, दम्याच्या रोग्यांना फोनवरून आठवण केल्यानं काही फरक पडतो का. प्लास्टरवाला निवृत्त झाला, नवा आला. धूळ होती तेवढीच राहिली.

मग एका दुपारी टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे त्या दूरच्या इस्पितळातल्या संख्याशास्त्रवाल्या होत्या. वयानं लहान असाव्यात, आवाजात संकोच.

“बाई, आमचा हिशेब पुरा झाला. सांगायला जरा... म्हणजे तुमच्याइतका फरक नाही आला हो. तुमचे आठ होते. आमचे सहाच.”

“पट्टा?” बाईंनी विचारलं. पेन आधीच त्यांच्या हातात होतं.

“एकापासून अकरापर्यंत.”

बाईंनी समोरच्या कोऱ्या कागदावर एक रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी, आणि दोन्हींकडे बघून त्या इतक्या प्रसन्न हसल्या की ते फोनमधूनही ऐकू गेलं असावं.

“तुम्ही नाराज नाही ना?” पलीकडून प्रश्न आला.

“नाराज? अहो, तुमची माणसं निराळी, डॉक्टर निराळे, परिचारिका निराळ्या. आणि तरी बघा, किती जुळतंय! आता खुर्ची ओढून बसा आणि मला पहिल्यापासून सांगा. चिठ्ठ्या कुणी काढल्या, मोजलं कुणी?”